जपानीत 'मास' सोडून साधं कधी बोलू लागलात? (अनुभव धागा)

जपानी शिकताना सुरुवातीचे कित्येक महिने सगळं 'देस-मास'मध्येच, म्हणजे वाक्याच्या शेवटी येणाऱ्या अदबीच्या रूपांतच चालतं. 'इकु' (जाणे), 'ताबेरु' (खाणे) ही साधी रूपं नंतर येतात, आणि ती म्हणजे उद्धटपणा, असा समज पक्का होतो. पुण्यातल्या माझ्या वर्गात तो दर बॅचला भेटतो. अदबीच्या वाक्याच्या पोटातही साधं रूप असतंच: 'आशिता इकु तो ओमोइमास', उद्या जाईन असं वाटतं. आतलं 'इकु' साधं, अदब शेवटच्या क्रियापदात. तुम्ही कोणाशी अरे-तुरेवर आलात, पुढाकार कोणाचा होता? सविस्तर लिहा.

तोक्यो, सॉफ्टवेअर:
साहेब माझ्याशी साधं बोलतात, मी 'मास'मध्ये उत्तर देतो. कायम असंच चालतं, कोणाला खटकत नाही. मला जास्त विचार करायला लावला तो फोनने. ग्राहकाचा फोन आला की साहेबांच्या आडनावामागचं आदराचं 'सान' गळतं आणि त्यांच्याबद्दल 'आहेत'साठी नम्र 'ओरिमास' वापरायचं, ते शेजारी बसलेले असले तरी. फोन ठेवला की पुन्हा 'सान'. आपली कंपनी 'उचि', म्हणजे आतली. ग्राहक 'सोतो', बाहेरचा. बाहेरच्यासमोर आतल्या माणसाला मोठेपणा द्यायचा नाही. आपण मात्र कोणालाही 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असंच सांगतो. ही पद्धत मला आता फार सुंदर वाटते.

नागोया, विद्यापीठातली लॅब:
सेन्पाइ, म्हणजे सीनियर, एकाच वर्षाने पुढे असला तरी 'मास'. मधला रस्ता म्हणजे 'सोउस्स': 'सोउ देस' (हो, तसंच आहे) आखडून केलेलं. जवळीकही येते, मानही राहतो.

क्योतो, गृहिणी:
पाळणाघरातल्या एका आईशी माझी मैत्री हळूहळू जमली. आधी स्वतःशीच बोलल्यासारखे शब्द साधे झाले, 'आ, ओइशिइ!' (वा, चविष्ट!) अशा उद्गाराला 'देस' लागत नाही. मग तीच, वयाने मोठी, म्हणाली, 'तामेगुचि दे इइ यो', साधंच बोल. लहानाने आपण होऊन सुरू करण्यापेक्षा हे बरं. इथल्या बोलीतला 'हारु' तर मला अतिशय आवडतो. आदराचाच प्रत्यय, पण इथे शेजारच्या बाळाबद्दल बोलतानाही सहज लागतो.

मुंबई, दुभाषी:
धागाकर्तीच्या प्रश्नात 'अरे-तुरे' आहे म्हणून लिहिते. ऐकणाऱ्याचा मान आणि ज्याच्याबद्दल बोलतो त्याचा मान, हे जपानीत दोन वेगळे धागे आहेत. मैत्रिणीला मी विचारते, 'सेन्सेइ, मोउ इराश्शात्ता?' सर आले का? 'मास' नाही, कारण ती मैत्रीण. पण क्रियापद आदराचं, कारण ते सर. मराठीतही 'अगं, सर आले का?' म्हणताना आपण नेमकं हेच करतो. विद्यार्थ्यांना इथून सुरुवात करून दिली की केइगोची, म्हणजे आदराच्या भाषेची, भीती निम्मी होते.

पुणे (धागाकर्ती):
हे उद्याच फळ्यावर लिहिते. नागोयावाल्यांना विचारायचं होतं, 'स्स' मुलीही वापरतात का?

नागोया:
आमच्या लॅबमध्ये मुलगेच जास्त. खेळाच्या क्लबातल्या मुलींच्या तोंडीही ऐकलंय.