पाट रिकामे परत कसे द्यायचे?

कुंभारगल्ली (धागा)

परवा थोरल्या पोरानं जेवता जेवता विचारलं, "पप्पा, परत पूर आला तर परत हेच करायचं?" हेच म्हणजे गणपतीच्या मूर्ती करायचं काम. मी भाकरी मोडत राहिलो. उत्तर काय सुचलं नाही, म्हणून हितं लिहितोय.

आमची गल्ली कोल्हापूरच्या शाहूपुरीत. पंचगंगेचा फुगवटा जयंती नाल्याला आला की पाणी आमच्या उंबऱ्याला लागायला वेळ लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. धोक्याची पातळी ४३. चतुर्थी होती २ सप्टेंबरला, म्हणजे ऐन हंगाम. निम्म्या मूर्ती रंगाला आलेल्या. माळ्यावर मावल्या तेवढ्या चढवल्या, बाकीच्या बाप्पाच्याच हवाली केल्या. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर शाडूच्या मूर्ती बसल्या जागी ढेकूळ झालेल्या. प्लॅस्टरच्या उभ्या होत्या, पण हात लावला की पापुद्रे.

त्या दिवशी मला जिद्द-बिद्द काही आली नव्हती. पायरीवर बसून होतो. बायकोनं खराटा हातात दिला, तो पण बाजूला ठेवला. दुपारी कोपऱ्यातल्या गाळातनं पाट दिसायला लागले. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, घरगुती गणपतीचं गिऱ्हाईक आपला पाट आधीच आणून देतं, मागं नाव घालून. खडूची नावं पुसून गेलेली, ऑइलपेंटची राहिलेली. लोकांची वस्तू आहे, निदान धुवून तरी ठेवू, एवढ्याच हिशेबानं एकेक धुतला आणि भिंतीला लावला. एकशेदहा भरले. सगळे ओळीत उभे राहिल्यावर पोटात गोळा आला, हे रिकामे परत कसे द्यायचे? संध्याकाळी शाडूची पोती बघायला बाहेर पडलो. नव्या मूर्ती केल्या, रात्रभर हॅलोजन लावून वाळवल्या.

म्हणून माझं मत असं की वाईट काळात माणूस स्वतःसाठी उठत नाही. दुसऱ्याचा पाट घरात असला तर उठतो. सकाळी सकाळी मोबाईलवर येणारे 'स्वप्नं बघा' वाले व्हिडिओ मला तरी कधी उपयोगी पडले नाहीत. तुमचं काय?

लाल_माती

भावा, वाचून गलबललो, पण मत पटलं नाही.

पाट आज तुझ्याकडं आहे, उद्या गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्यात नेऊन ठेवील. मग काय हातावर हात धरून बसणार? तालमीत पहाटे वस्ताद विचारत नाहीत की आज मन आहे का. कडाक्याच्या थंडीत कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरायचं, जोर मारायचे, बैठका मारायच्या, अंग तापलं की मन आपोआप येतंय मागनं. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले, सहावे आले. चार वर्षं परत तीच मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. त्यांच्या दारात कुणाचा पाट होता? नाद लागतो माणसाला, नाद. तो आतनंच असावा लागतो.

रंकाळाकाठची

लाल माती, खाशाबांची अर्धीच गोष्ट सांगितलीत. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मेहनतीची गोष्ट सांगताना गहाणखताची पण सांगत जा.

आता धागाकर्ते दादा, तुमचं वाचून आधी डोळ्यात पाणी आलं, मग राग आला. तुमच्यावर नाही. माझ्या वडिलांचं कापडाचं छोटं दुकान. २०१९ ला गेलं, कर्ज काढून उभं केलं. २०२१ च्या जुलैत परत पाणी. "लोकांची देणी आहेत" म्हणत पहाटे पाचला जायचे, रात्री अकराला यायचे. येणारा जाणारा पाठ थोपटायचा, कोल्हापूरचा माणूस लई चिवट म्हणून. त्या दिवाळीत छातीत दुखायला लागलं, स्टेंट घालावा लागला. शुद्धीवर आल्यावर पहिली उधारीची वही मागितली. आईनं ती वही अजून लपवून ठेवली आहे.

दुसऱ्याचा पाट उठवतो, मान्य. पण तो बसू पण देत नाही. आणि चिवटपणाचं कौतुक फार स्वस्तात पडतं हो. शाहू महाराजांनी गरिबाच्या पोरांना जिद्दीवर व्याख्यानं दिली नाहीत. १९०१ पासून बोर्डिंगं काढली, १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोरांनी कष्ट केलेच, पण डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी असताना. आमच्याकडं मात्र दर पुरानंतर 'कोल्हापूर पुन्हा उभं राहिलं'. पाणी दर वेळी तिथंच का येतं, हे विचारायला गेलं की सगळे गप्प.

सेकंड_शिफ्ट

शिरोलीला फौंड्रीत आहे. एवढा विचार करायला सवड नाही. दोन पोरं, घराचा हप्ता ५ तारखेला. ५ तारीख हीच आपली प्रेरणा.

रंकाळाकाठची

ती प्रेरणा नव्हे, ती बँक आहे.

सेकंड_शिफ्ट

बँक तर बँक. उठवती का नाही? आणि कंबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून नेमबाजीचं ब्राँझ घेऊन आला, तो पण रेल्वेत तिकीट तपासनीस होता की. पगार चालू असला की नेम बसतोय. एवढं बोलून पाळीला चाललो.

लाल_माती

रेल्वेत पगार घेणारे हजारो हायत, नेम एकाचाच बसला. ते पण सांगा.

ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्याला मेहनत कारण नाही. मेहनतीला मोजमाप नव्हतं, हे कारण. आमचे वस्ताद मोजून बैठका घेतात, एक जास्त मारली तर शिव्या घालतात. खुराक आणि झोप मेहनतीतच धरतात.

रंकाळाकाठची

हे पहिल्यांदाच पटलं तुमचं. फक्त कर्जदाराला वस्ताद कुठून आणायचा तेवढं सांगा.

गुळव्या

माझी गोष्ट उलटी आहे. मी सोडलं.

कणेरीकडं आमचं गुऱ्हाळ होतं, आज्जाच्या काळापासनं. चुलवाणाला माणूस मिळेना, चांगला गुळव्या मिळेना, शेवटी मीच काहिलीजवळ, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईजवळ, उभा राहायला लागलो. रात्री दोनला उठायचं, रस उकळताना मळी काढायची, पाक कधी उतरवायचा ते डोळ्यानं ओळखायचं. काम येत होतं, आवडत पण होतं. नाद म्हणाल तर लाल मातीएवढाच होता. पण हंगामाच्या शेवटी वही मांडली की मजुरी, वाहतूक, अडत वजा जाता हातात धुराचा वास तेवढा राहायचा. तीन वर्षं स्वतःला 'जिद्द सोडू नको' सांगितलं. तीन वर्षांचा तोटा ही त्या जिद्दीची किंमत.

आता ऊस कारखान्याला जातो आणि तीन म्हशी आहेत. दुधाचं बिल दहा दिवसाला मिळतं. मोठं नसतं, पण दहा दिवस माणूस कसाबसा तग धरतो, वर्षभर धरता येत नाही, हे मला म्हशींनी शिकवलं.

लाल_माती

सोडणं सोपं असतंय काका.

गुळव्या

सोपं? काहील उतरवून पालथी घातली त्या रात्री बा जेवला नाही. तू कधीतरी चितपट झाला असशीलच, तसं समज. फक्त हितं टाळ्या वाजवायला कोण नव्हतं.

मातीतला_माणूस

किती सुंदर धागा! विरघळलेली शाडू परत मळली की त्याच मातीतून नवा बाप्पा घडतो. माणसाचंही अगदी तसंच असतं, नाही का?

कुंभारगल्ली

नाही हो. पुरात विरघळलेल्या शाडूत गाळ असतो, काचा असतात, गॅरेजचं ऑइल असतं. मळायला घेतली तर हात कापतो. आम्ही ती फावड्यानं भरून टाकून दिली.

लाल माती, नाद मला पण आहे. डोळे आखायचं काम मी अजून पोराला देत नाही. पण त्या दिवशी पायरीवर बसलो होतो तेव्हा नाद कुठं गेला होता कुणास ठाऊक. पाट धुवून झाल्यावर आला तो.

ताई, तुमच्या वडिलांचं वाचून फोन खाली ठेवला, परत उचलला. एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. २०१९ ला ज्यानं उठवलं, त्यानंच २०२१ ला झोप घालवली. त्या साली कोरोनामुळं उंचीची मर्यादा होती, मंडळाला ४ फूट, घरात २. मोठ्या मूर्तीचं काम नाही, सगळी भिस्त घरगुतीवर, आणि जुलैत पाणी आत. सगळे पाट पुरे करायचेच म्हणून बसलो, बोटं बधिर होईपर्यंत. बायकोनं एक दिवस रंगाच्या वाट्या उचलून नेल्या आणि तीस पाट दारात काढून ठेवले. "हे परत द्यायचे," म्हणाली. घरोघरी हात जोडून दिले. कुणी शिवी दिली नाही. दोघांनी तर विसार पण परत घेतला नाही, पुढच्या वर्षीला धरा म्हणाले. पाट रिकामा परत दिला तर आभाळ कोसळतं, असं मीच धरून बसलो होतो. तरी सांगतो, उरलेले नसते तर मी पायरीवरच राहिलो असतो. त्यावर माझं मत बदललेलं नाही.

पोराला मी काल सांगितलं, करायचं का नाही ते तुझं तू ठरव, पण जुलैच्या आधी निम्मा माल उंचावर हलवायचा, हे आता ठरलं. गुळव्या काका, तुमचं गुऱ्हाळाचं शेड आता मोकळंच असेल ना?

गुळव्या

मोकळं आहे. पत्रा गळत नाही, पाणी तिथवर येत नाही. काहील अजून आतच आहे, ती हलवायला चार माणसं घेऊन ये. भाड्याचं नंतर बघू, फुकट मात्र देणार नाही, म्हशींना पेंड लागते. आणि मुंग्या लई आहेत, एवढ्या वर्षांचा गूळ मुरलाय जमिनीत.

कुंभारगल्ली

शाडूला मुंग्या काय करणार काका. रविवारी येतो.

लाल_माती

काहील उचलायला मी येतो. दोघं पुरं.