मध्वमताचा गाभा कोणता : पंचभेद की ईश्वराचं स्वातंत्र्य?

तत्त्वजिज्ञासू :
मध्वाचार्यांच्या द्वैतमताची ओळख बहुधा पंचभेदांपासून करून दिली जाते : जीव-ईश्वर, जड-ईश्वर, जीव-जीव, जीव-जड आणि जड-जड. पाचही भेद खरे, अनादी, मोक्षातही न मिटणारे. यादी बरोबर आहे, पण सुरुवात इथून करू नये असं माझं ठाम मत आहे. त्यातून जीव आणि ईश्वर ही बरोबरीची दोन तत्त्वं आहेत असा समज होतो. तशी मांडणी पुरुष आणि प्रकृती ही दोन तत्त्वं मानणाऱ्या सांख्यांची. त्यांच्या सांख्यकारिकेतली दहावी कारिका व्यक्ताला, म्हणजे प्रकट जगाला, परतंत्र म्हणते आणि अव्यक्त त्याच्या उलट, म्हणजे मूळ प्रकृती कुणाच्याच अधीन नाही.

आचार्यांचा 'तत्त्वसंख्यान' हा ग्रंथ सुरू होतो तो 'स्वतन्त्रमस्वतन्त्रं च द्विविधं तत्त्वमिष्यते' असा, म्हणजे तत्त्वं दोन प्रकारची : स्वतंत्र आणि अस्वतंत्र. स्वतंत्र एकटा विष्णू. लक्ष्मीसुद्धा परतंत्र. मध्वांचे भाष्यकार जयतीर्थ यांनी त्यावरच्या टीकेत स्वतंत्र कशाला म्हणायचं तेही नेमकं सांगितलंय : ज्याला स्वरूप (असणं), प्रमिती (ज्ञान) आणि प्रवृत्ती (कृती) या तिन्हींसाठी दुसऱ्या कुणाची गरज नाही ते. जीव नित्य आहे, तरी या कसोटीला उतरत नाही. म्हणूनच नित्य वस्तूंची 'सृष्टी' इथे 'पराधीनविशेषाप्ती', म्हणजे दुसऱ्याच्या अधीन असलेली नवी अवस्था मिळणं, ठरते. जीव नव्याने निर्माण होत नाही, त्याला देहासारखी नवी अवस्था मिळते आणि ती मिळणं ईश्वराच्या हाती असतं. हे आधी कळलं की पंचभेद आपोआप जागेवर बसतात.

न्यायवाचक :
असहमत. 'हा त्याच्या अधीन' म्हणायला आधी 'हा' आणि 'तो' वेगळे असावे लागतात. भेदच खोटा ठरला तर पारतंत्र्य कुणाचं? द्वैती व्यासतीर्थांचं 'न्यायामृत' आणि त्याच्या खंडनासाठी लिहिलेली अद्वैती मधुसूदन सरस्वतींची 'अद्वैतसिद्धी' वाचा. मिथ्यात्वाच्या (जग खोटं असण्याच्या) पाच व्याख्या तिथे एकेक करून तपासल्या जातात, कारण जगाचं आणि भेदाचं खरेपण टिकलं तरच पुढचं सगळं टिकतं.

भेदावर अद्वैत्यांचा मुख्य आक्षेप अन्योन्याश्रयाचा, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींवरच अवलंबून असण्याचा. घट (घडा) पटाहून (कापडाहून) वेगळा हे कळायला दोन्ही वेगवेगळे म्हणून आधी माहीत हवेत, आणि वेगवेगळे म्हणून कळायला भेद आधी कळायला हवा. द्वैताचं उत्तर : भेद ही वस्तूला बाहेरून चिकटलेली गोष्ट नाही, तो धर्मीचं, म्हणजे त्या वस्तूचं, स्वरूपच आहे. घट दिसला तेव्हाच तो इतरांहून वेगळा म्हणून दिसला.

उपनिषदवाचक :
भेद स्वरूपच असेल तर संशय कधीच यायला नको. अंधूक उजेडात पुढचा आकार खांब की माणूस, असा प्रश्न पडतो. वस्तू दिसली, मग तिचा माणसाहून असलेला भेद का नाही दिसला?

न्यायवाचक :
कारण सर्वसाधारण वेगळेपण दिसतं, अमुक एका वस्तूहून असलेलं वेगळेपण त्या वस्तूच्या साम्यामुळे झाकलेलं राहतं. म्हणून संशय खांब की माणूस एवढाच येतो, खांब की समुद्र असा येत नाही. आणि स्वरूप एकच असताना 'वस्तू' आणि 'तिचा भेद' असे दोन व्यवहार कसे, तर त्यासाठी 'विशेष' मानला आहे. प्रत्यक्ष भेद नसताना भेदाचं काम करणारा, म्हणजे भेदप्रतिनिधी. हा काढला तर अख्खा डोलारा कोसळतो, आणि परिचयपर लेखांत नेमका हाच गाळलेला असतो.

उपनिषदवाचक :
तर्क बाजूला ठेवू. छांदोग्य उपनिषदात 'तत्त्वमसि' (ते तू आहेस) नऊ वेळा येतं. 'स आत्मा तत्त्वमसि' मध्ये 'आत्मा अतत्' (ते तू नाहीस) असा द्वैती पदच्छेद संधीच्या नियमात बसतो हे मान्य. पण प्रकरण ऐक्याचं आहे. नद्या समुद्रात मिळतात आणि 'ही मी' हे त्यांना कळत नाही, असा दृष्टांत दिलाय.

तत्त्वजिज्ञासू :
दृष्टांतातले शब्द पाहा. नद्यांना कळत नाही, एवढंच तिथे म्हटलंय. भेद न कळणं म्हणजे भेद नसणं नव्हे. शिवाय सगळा भार 'अतत्' वर नाही. 'तत् त्वम्' असंच घेतलं तरी सादृश्य किंवा तदधीनत्व (त्याच्या अधीन असणं) असा अर्थ लावता येतो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा उपजीव्यविरोधाचा, म्हणजे ज्याच्यावर उभं राहायचं त्यालाच नाकारण्याचा. मी अल्पज्ञ, दुःखी आहे हे साक्षी, म्हणजे जीवाची स्वतःची थेट जाणीव, सांगते. ईश्वर सर्वज्ञ आहे हे श्रुती सांगते. ज्या दोन प्रमाणांच्या जोरावर 'तत्' आणि 'त्वम्' ओळखले, त्यांनाच ऐक्यवाक्याने कापून कसं चालेल?

उपनिषदवाचक :
मग तैत्तिरीयातली आनंदमीमांसा घ्या. मनुष्यापासून ब्रह्मापर्यंत दर पायरीला आनंद शंभरपट. तुम्ही त्यावरून मुक्तांमध्येही तारतम्य (आनंदाचा कमी-जास्तपणा) लावता. पण मनुष्यगंधर्वापासून पुढे दर पायरीला 'श्रोत्रियस्य चाकामहतस्य' हे पालुपद आहे. निष्काम श्रोत्रियाला तोच आनंद आहे, तर पायऱ्या उपाधीच्याच, म्हणजे देहासारख्या बाहेरच्या आवरणाच्याच, ठरतात.

न्यायवाचक :
पालुपद दर पायरीला वेगळं सांगितलंय, म्हणजे त्या त्या पायरीचा मुक्त वेगळा. शेवटी एकदाच सांगितलं असतं तर तुमचा अर्थ पटला असता. मुंडकातही 'परमं साम्यमुपैति' आहे, साम्य म्हणजे ऐक्य नव्हे.

आता तत्त्वजिज्ञासूंना प्रश्न. मुक्तियोग्य (मोक्ष मिळू शकणारे), नित्यसंसारी (कायम संसारात राहणारे), तमोयोग्य (कायमच्या अंधाराला पात्र) हे मध्वमतातले जीवांचे तीन वर्ग स्वरूपातच आहेत. भेद पाया मानला तर हे सरळ आहे : प्रत्येक जीवाचं स्वरूप वेगळं, म्हणून गतीही वेगळी. तुम्ही स्वातंत्र्य पाया धरता. मग पूर्ण स्वतंत्र ईश्वर तमोयोग्याचं स्वरूप बदलत का नाही?

तत्त्वजिज्ञासू :
बदलू शकत नाही असं नाही, बदलत नाही. अनादी योग्यतेनुसारच फळ देण्याचा त्याचा संकल्प आहे, तो कुणी त्याच्यावर लादलेला नाही. आणि योग्यता स्वयंभू नाही. भागवताच्या दुसऱ्या स्कंधात 'द्रव्यं कर्म च कालश्च स्वभावो जीव एव च' हे सगळं त्याच्या अनुग्रहाने आहे आणि त्याने उपेक्षा केली तर नाही, असं म्हटलंय. त्या यादीत स्वभावही आहे. तुमचा भेदसुद्धा त्याच्याच आधारावर उभा आहे.

न्यायवाचक :
ते मान्य केलं तर तमोयोग्याचा स्वभाव टिकून आहे तोही अनुग्रहाने, असं म्हणावं लागेल. ज्याच्या वाट्याला कायमचं अंधतमस (गडद अंधाराचा नरक) आहे त्याच्या बाबतीत 'अनुग्रह' म्हणजे फक्त अस्तित्व देणं, असा मर्यादित अर्थ घ्यावा लागतो. तो घेतलात की स्वभाव नेमका असाच का, याचं उत्तर पुन्हा स्वरूपभेदातच मिळतं.