मदत हवी आहे: कॅसिनोमुळे आलेले पर्यटक वेगळे कसे मोजायचे?

हॉटेल आणि टूर व्यावसायिकांच्या संघटनेसाठी कॅसिनो कायदेशीर करण्यावर टिपण करतोय. कॅसिनोच्या बाजूने बोलणारे लोक हमखास सिंगापूर पुढे करतात: 2010 मध्ये कॅसिनो असलेले दोन रिसॉर्ट सुरू झाले आणि पर्यटक वर्षभरात सुमारे 97 लाखांवरून 1 कोटी 16 लाखांवर गेले. पण 2009 हे मंदीचं वर्ष. 2008 शी तुलना केली की 20 टक्क्यांची वाढ 15 वर येते. शिवाय तिथे सुरुवातीला प्रत्येक कॅसिनोला 15 हजार चौरस मीटरची मर्यादा होती. बाकी सगळं अधिवेशन केंद्र, थीम पार्क, दुकानं. मग श्रेय कोणाला द्यायचं?

छोट्या हॉटेलवाल्यांची तक्रार वेगळीच, आणि मला ती जास्त खरी वाटते. कॅसिनो खेळणाऱ्याला खोली आणि जेवण फुकट देतो, गडी बाहेर पडतच नाही. गर्दी वाढली तरी शेजारच्या खानावळीच्या गल्ल्यात काही पडत नाही.

प्रवाशांच्या सर्वेक्षणातला 'मुख्य हेतू' हा रकाना वापरून पाहिला. उपयोग नाही, जुगारी माणूसही तिथे 'सुट्टी'च लिहितो. सिंगापूरमध्ये स्थानिकांना 24 तासांसाठी 150 सिंगापूर डॉलर प्रवेशशुल्क आहे, परदेशी पर्यटकांना नाही. त्यावरून स्थानिकांच्या खेपांचा अंदाज बांधता येतो, पर्यटकांचा नाही.

महसुलाचे आकडे नकोत, ते आहेत. सामाजिक दुष्परिणामांचा भागही दुसरं कोणी लिहितंय. मला फक्त एवढंच हवंय: कॅसिनो नसता तरी आलाच असता असा पर्यटक आकडेवारीतून वजा करायला कोणती पद्धत वापरता, आणि त्यासाठी किमान किती वर्षांची मासिक आकडेवारी लागते?