जीएस (कॉलेजची जनरल सेक्रेटरी) झाले आणि प्रॅक्टिकलं बुडायला लागली, कसं जमवता तुम्ही लोक?

फिक्का_गुलाबी

नमस्कार, मी टीवायबीएस्सी केमिस्ट्रीला आहे, तालुक्याचं कॉलेज, नाव नको. आमच्याकडे निवडणूक वगैरे नसते. एसवायला पहिली आले म्हणून सीआर म्हणजे वर्ग प्रतिनिधी केलं, मग सगळ्या सीआरना बसवून सरांनी विचारलं जीएस कोण होणार, तर सगळे खाली बघायला लागले आणि मी एकटीच वर बघत होते, झाले जीएस. पप्पांनी गावात पेढे वाटले त्यामुळे आता नको पण म्हणता येत नाही.

माझा दिवस असा. सकाळी दोन तास लायब्ररीत कमवा आणि शिका, मग लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, ५.४० ची एसटी. ती चुकली की पुढची गाडी फाट्यापर्यंतच येते, तिथून सात किलोमीटर, पप्पांना गाडी घेऊन यावं लागतं. यात जीएसगिरी कुठे बसवायची सांगा, कारण ती काही वेळ ठरवून येत नाही. रांगोळीच्या परीक्षक मॅडमना रिक्षा कोण बघणार तर जीएस, माईकचे सेल संपले जीएस, मुलींच्या कॉमन रूमचा पंखा बंद तरी जीएस.

मागच्या मंगळवारी टायट्रेशन चालू होतं, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचा प्रयोग, फिनॉल्फथॅलिनचा फिक्का गुलाबी रंग आला, म्हणजे एंडपॉइंट, तिथेच थांबायचं, रीडिंग लिहिणार तेवढ्यात शिपाई काका दारात, मॅडमनी बोलावलंय, मंडपवाला आलाय. गेले तशीच. पंधरा मिनिटांनी येऊन बघते तर फ्लास्क पाण्यासारखा, ठेवून दिला की तो रंग उडतोच, आणि पार्टनरला वाटलं एंडपॉइंट आलाच नव्हता, तिने अजून दोन एमएल सोडलं होतं. पूर्ण प्रयोग वाया. जर्नल अडकलं ते वेगळंच.

परवा डिफॉल्टर लिस्ट लागली. फिजिकल केमिस्ट्रीला माझी हजेरी ६१ टक्के. त्याच काचेत शेजारी गॅदरिंगची नोटीस, खाली माझी सही. पोरं फोटो काढून ग्रुपवर टाकतायत. वर रांगोळीची बक्षिसं मी स्वतःच्या १८०० रुपयांनी आणली, कमवा शिकाचेच पैसे ते, आणि दुकानदाराने कच्चं बिल दिलं म्हणून ऑफिस पैसे देत नाही. गॅदरिंग अजून व्हायचंय, प्रोजेक्टचा रिपोर्ट एक पान लिहिलेला नाही. सोडू का? की कोणी जमवलंय?

---

शेवटचा_बाक

सोड. इंटरव्ह्यूला कोणी विचारत नाही गं तू जीएस होतीस का. आमच्या वर्गातली जीएस आज बँकेत आहे आणि मी पण बँकेत आहे, फरक एवढाच की मी कॉलेजात झोप पूर्ण केली 😄

---

जुना_जीएस

वरचा गमतीत बोलतोय पण तू खरंच सोडू नकोस, निदान गॅदरिंगपर्यंत तरी नाही, आत्ता सोडलंस तर काम तुझ्याच गळ्यात राहील फक्त नाव दुसऱ्याचं लागेल.

मी ९१-९२ चा जीएस, तेव्हा निवडणुका होत्या. म्हणजे काय होतं ते आत्ताच्या पोरांना खरं वाटणार नाही. वर्ग सीआर निवडायचा आणि सीआर मतं देऊन जीएस आणि यूआर म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचे, म्हणजे सगळा खेळ पंधरा-वीस मतांचा, मग मतदानाच्या आधी चार दिवस सीआर लोकांना गाडीत घालून फिरायला न्यायचं, आमचे सहा महाबळेश्वरला होते आणि त्यातल्या एकाच्या आईने माझ्या घरी येऊन माझ्या आईला जे सुनावलंय ते अजून घरात निघतं. मारामाऱ्या, पैसा, नको नको ते झालं, मुंबईत तर ८९ साली एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि पुढे ९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर निवडणुका गेल्या आणि मार्कांवर नेमायला लागले. २०१६ च्या कायद्यात परत आल्या कागदावर, २०१९ ला होणार होत्या, विधानसभा आली म्हणून पुढे ढकलल्या आणि मग कोरोना. असो, कुठल्या कुठे गेलो.

सांगायचं हे की मी निवडून आलो ना तर माझ्यामागे वीस-पंचवीस पोरं फुकट राबायला तयार होती. तुला नेमलंय, तुझ्यामागे कोणी नाही, म्हणून तू एकटी सगळं ओढतेयस. आणि तरीही मला त्या वर्षी ऑरगॅनिकमध्ये एटीकेटी लागली, कारण मला वाटायचं मी नसलो तर कॉलेज बंद पडेल. कॉलेज काही बंद पडलं नाही. एक मात्र ऐक, पैशाला हात लावू नकोस. मी तीनशे रुपयांचा हिशोब लागला नाही म्हणून स्वतःचं घड्याळ विकलंय.

---

स्टाफरूमचा_कोपरा

मी एका कॉलेजात शिकवतो आणि बरीच वर्षं विद्यार्थी विकास अधिकारी आहे, म्हणजे तुला प्रॅक्टिकलमधून बोलावणारा माणूस मीच समज.

आधी एक कबुली. आम्ही शिपाई पाठवतो कारण पोरं येतात. एखादीने सांगितलं की प्रॅक्टिकल झाल्यावर येते तर आम्ही काहीही करत नाही, मंडपवाल्याला चहा पाजून बसवतो. तो कुठे जाणार आहे, त्याला ॲडव्हान्स हवा असतो. तू एकदा सांगून बघ.

हजेरीचं. तुझी चूक बहुतेक ही झाली असणार की तू आधी काम केलंस आणि मग सरांना सांगितलंस मी गॅदरिंगच्या कामात होते. ते मस्टरवर चढत नाही. आदल्या दिवशी पत्र, त्यात तारीख, वेळ, कोणतं लेक्चर, कशासाठी, खाली सांस्कृतिकच्या मॅडमची सही, आणि एक प्रत एचओडींच्या टेबलावर. हे असलं तर विचार तरी होतो, नंतर आणलेल्या पत्राकडे मी स्वतः बघत नाही कारण मग सगळी बॅच आणते. पण प्रॅक्टिकलसाठी पत्र घेऊच नकोस. हजेरी मिळेल, प्रयोग कोण करणार? बुडालेला प्रयोग दुसऱ्या बॅचबरोबर करू द्या म्हणून लॅब असिस्टंटना विचार, सरांच्या आधी त्यांना. ब्युरेट रिकामी आहे की नाही ते त्यांना माहीत असतं.

आणि ६१ वरून घाबरून जाऊ नकोस पण हलक्यातही घेऊ नकोस. लिंगडोह समितीने २००६ साली विद्यार्थी निवडणुकांसाठी जे नियम सुचवले त्यात उमेदवाराला ७५ टक्के हजेरी पाहिजे आणि त्या वर्षी कुठला विषय राहिलेला नको असं आहे. तुमच्याकडे निवडणूक नसली तरी गंमत बघ, ज्या अटीवर माणूस उभा राहू शकतो तीच अट त्या पदावर बसल्यावर मोडते. हे स्टाफ मीटिंगमध्ये मी दोनदा बोललोय, दोन्ही वेळा पुढचा विषय घेतला गेला.

विद्यार्थी परिषदेत तू एकटी नसतेस. एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक, प्रत्येकाचा एक प्रतिनिधी असतो. यादी ऑफिसात असेल, बहुतेक फाईल करून ठेवलेली, काढायला लाव. त्यातल्या अर्ध्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं. पंखा बंद हे तुझं काम नाही, त्याचा अर्ज ऑफिसात द्यायचा असतो आणि तो कोणीही देऊ शकतं.

बिलाचं: दुकानदाराकडून पक्कं बिल मागून घे, कॉलेजच्या नावाने. पुढे कधीही खिशातून टाकू नकोस, ॲडव्हान्स प्राध्यापकाच्या नावावर उचलतात, हिशोब त्यांनी द्यायचा.

---

मांडवीकाठची

मी गोव्याची, आमच्याकडे निवडणूक होते. मी मागच्या वर्षी कौन्सिलवर होते आणि पहिले दोन महिने सेम तुझ्यासारखे गेले. मग एक केलं, दुपारच्या सुट्टीत अर्धा तास कॅन्टीनच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसायचं, ज्याला जे हवं त्याने तिथे यायचं, कॉरिडॉरमध्ये कोणी गाठलं की टेबलावर ये म्हणायचं. निम्मे येतच नाहीत गं, कारण निम्म्यांना काम नसतं नुसतं सांगायचं असतं. आणि व्हॉट्सॲप ग्रुप फक्त ॲडमिन बोलतील असा करून टाक, मला आधी शिव्या पडल्या मग सवय झाली. जेवण मात्र त्या टेबलावर नको, मी महिनाभर गार पाव-भाजी खाल्ली.

---

शेवटचा_बाक

स्टाफरूम सर, तुम्ही शिपाई पाठवता आणि इथे येऊन सांगता जाऊ नका, भारी आहे हे. आमच्या वेळी तुम्ही कुठे होतात

---

फिक्का_गुलाबी

सगळ्यांना थँक्यू, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. तीन दिवसांनी येतेय कारण खरंच वेळ नव्हता.

सोडत नाहीये. यादी काढायला लावली, ऑफिसमधल्या काकांनी आधी कसली यादी केलं मग कपाटाच्या वरच्या खणातून काढून दिली. खेळाचा प्रतिनिधी म्हणून ज्याचं नाव आहे तो माझ्याच एसटीने येतो! त्याला आज गाडीत सांगितलं तर म्हणाला मी? कधीपासून? आता साउंडवाल्याची तीन कोटेशनं तो आणणार आहे, बघू आणतो का.

लॅबमधल्या काकांना विचारलं, शुक्रवारी बी बॅचबरोबर बसू देणार आहेत. आणि काल परत शिपाई काका आले, मी म्हटलं साडेचारला येते. हात कापत होते माझे ब्युरेटच्या नळावर. काका काही न बोलता गेले. साडेचारला गेले तर मॅडम पेपर तपासत होत्या, म्हणाल्या अगं ते झालं, मी सांगितलं त्याला मंडप किती फुटी हवा ते. एवढंच विचारायचं होतं त्याला! आणि मी मागच्या वेळी त्यासाठी प्रयोग घालवला.

आता एकच प्रश्न, स्टाफरूम सरांना. दुकानदाराने पक्कं बिल दिलं पण तारीख आजची टाकली, स्पर्धा तर तीन आठवड्यांपूर्वी झाली. तो म्हणतो हवी ती तारीख टाकून देतो. टाकून घेऊ का? उद्याच जाऊन आणते.

---

स्टाफरूमचा_कोपरा

नको. खरी तारीख आहे ती राहू दे. सोबत साधा अर्ज जोड, स्पर्धा अमुक तारखेला झाली, पक्कं बिल आज मिळालं, बक्षिसं मिळालेल्यांच्या सह्यांची यादी सोबत आहे. स्पर्धेच्या मॅडमची सही घे आणि अकाउंट्सला दे, पोच घ्यायला विसरू नकोस.

आणि उद्या जाऊ नकोस. उद्या शुक्रवार आहे.