मदत हवी आहे : दोन बारा इंची सबवूफर बसवल्यापासून गाडीचे दिवे मंदावतात आणि ॲम्प्लिफायर मध्येच बंद पडतो

उदगीरकर_२१
नमस्कार मंडळी. माझ्या गाडीच्या डिकीत दोन बारा इंची सबवूफर (खालच्या स्वरांचे मोठे स्पीकर) आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र मोनोब्लॉक (एकाच वाहिनीचा) ॲम्प्लिफायर बसवून घेतला आहे. आवाज वाढवला की प्रत्येक ठोक्यासरशी पुढचे दिवे मंदावतात, आणि काही वेळाने ॲम्प्लिफायरवरचा लाल दिवा लागून सबवूफर पूर्ण गप्प होतात. थोडे थांबून पुन्हा सुरू केले की सर्व नीट वाजते आणि मग पुन्हा तोच प्रकार होतो. बॅटरी नवीन आहे. ज्या दुकानात काम करून घेतले, तेथे आता याहून मोठा ॲम्प्लिफायर आणि डिकीत दुसरी बॅटरी बसवायला सांगत आहेत. येत्या रविवारी अहमदपूरला चुलत भावाचे लग्न आहे आणि त्याआधी हे काम मिटणे आवश्यक आहे. कृपया कोणता ॲम्प्लिफायर घ्यावा एवढेच सांगावे. बाकी सर्व व्यवस्थित आहे.

बालाघाटी
दादा, गाडी कोणती, ॲम्प्लिफायर किती वॅटचा, वूफर किती ओहम रोधाचे, तार किती जाडीची आणि पेटी कशी आहे, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. इतक्या माहितीवर कोणी उत्तर दिले तर तो केवळ अंदाज असेल, आणि त्या अंदाजाचे पैसे आपल्याला मोजावे लागतील.

नांदेडचा_नाद
दिवे मंदावणे ही ओळखीची तक्रार आहे आणि तिच्यावर माझ्या अनुभवाने एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे ॲम्प्लिफायरजवळ एक फॅरडचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून गरजेला देणारा डबा, बसवणे. माझ्या गाडीत तो कित्येक वर्षांपासून आहे आणि दिवे हलत नाहीत. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा हे स्वस्तात होते.

तारमार्ग
मी संभाजीनगरला विद्युत अभियंता म्हणून काम करतो, त्यामुळे आकडे मांडून बोलतो. एक फॅरडचा कपॅसिटर १४.४ व्होल्टपासून १२ व्होल्टपर्यंत उतरताना साधारण ३२ ज्यूल ऊर्जा देतो. हजार वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात असताना तारेतून सव्वा हजार वॅट ओढतो, म्हणजे ही ऊर्जा सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपते. ४० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तनसुद्धा तेवढ्यात जेमतेम पूर्ण होते. त्यानंतर तो कपॅसिटर पुन्हा भरण्याचा भार गाडीला वीज पुरवणाऱ्या डायनामोवरच येतो. क्षणिक ठोक्याला त्याचा थोडाफार आधार मिळत असेल, परंतु ॲम्प्लिफायर बंद पडण्याचे मूळ कारण त्याने दूर होणार नाही.

नांदेडचा_नाद
साहेब, कागदावरचे गणित आपल्या जागी योग्य असेल, पण माझ्या गाडीत फरक पडला हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते मी कोणाच्या सांगण्यावरून नाकारणार नाही.

तारमार्ग
कपॅसिटर बसवताना तारसुद्धा नवी आणि जाड घातली होती का, हे कृपया आठवून सांगावे. बहुतेक वेळा फरक त्या तारेमुळे पडतो आणि श्रेय कपॅसिटरला मिळते.

उदगीरकर_२१
गाडी २०१७ सालची डिझेल हॅचबॅक आहे. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर ३००० वॅट लिहिले आहे. तार ॲम्प्लिफायरसोबत घेतलेल्या संचातली आहे. वूफर दोन आहेत हे मी वर लिहिले आहेच. माझ्याकडे वेळ कमी आहे, कृपया ॲम्प्लिफायरचे नाव सुचवावे.

जुना_वायरमन
भाऊ, घाई समजते, पण खोक्यावरचा ३००० हा आकडा पूर्ण बाजूला ठेवा. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. ॲम्प्लिफायरसोबत आलेल्या पुस्तिकेत ‘आरएमएस’ (सतत देता येणारी ताकद) असे लिहून पुढे ओहमनुसार आकडे दिलेले असतील, ते येथे लिहा. वूफरच्या मागच्या बाजूला तारा जोडण्याच्या दोन जोड्या आहेत की एक, आणि त्यांच्याजवळ २ लिहिले आहे की ४, हेही पाहा. हिशेब या दोन गोष्टींवर सुरू होतो.

सुरेल_सकाळ
येथे पेटीविषयी कोणीच बोलत नाही याचे वाईट वाटते, कारण माझ्या मते बारा इंची वूफरचा निम्मा आवाज पेटी घडवते. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थीले यांनी १९६१ साली भोके असलेल्या पेट्यांचे गणित मांडले आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते विस्तारले. वूफरच्या माहितीपत्रकात आज जे आकडे छापलेले असतात, ते या दोघांच्याच नावाने ओळखले जातात. ते न वाचता आयती पेटी उचलली तर आवाज घुमतो, पण त्यात स्वर उरत नाही. मी स्वतः सीलबंद पेटीचा पुरस्कर्ता आहे. तिच्यात ढोलकीची थाप थापेसारखी ऐकू येते. भोक असलेल्या पेटीत स्वर पेटीच्या ठरवलेल्या कंपनसंख्येच्या खाली गेला की पडद्यावरचा हवेचा धरबंद सुटतो आणि वूफर फाटण्याची भीती असते, म्हणून अशी पेटी असेल तर ॲम्प्लिफायरवरील अतिखालचे स्वर अडवणारा सबसॉनिक फिल्टर चालू ठेवणे अत्यावश्यक आहे. आपल्या पुढच्या दारांत कोणते स्पीकर आहेत?

उदगीरकर_२१
दारांत कंपनीचे मूळ स्पीकर आहेत आणि त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. पुस्तिका सापडली. त्यात २ ओहमला ६०० वॅट आरएमएस, १ ओहमला १००० वॅट आरएमएस आणि किमान १ ओहम असे दिले आहे. वूफरला प्रत्येकी दोन जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीजवळ २ लिहिले आहे. दुकानदाराने चारही जोड्यांचे लाल एकत्र आणि काळे एकत्र केले आहेत, त्यामुळे पूर्ण ताकद मिळते असे त्याचे म्हणणे होते.

तारमार्ग
आता खरे कारण समोर आले. वूफरच्या प्रत्येक जोडीमागे एक कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, असते. २ ओहमच्या अशा चार कॉइल समांतर जोडल्या म्हणजे एकूण भार अर्धा ओहम होतो. आपला ॲम्प्लिफायर १ ओहमच्या खाली चालवण्यासाठी बनवलेलाच नाही. अर्ध्या ओहमवर तो क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढू पाहतो, तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. लाल दिवा म्हणजे बिघाड नव्हे, तो ॲम्प्लिफायरचा बचाव आहे. याहून मोठा ॲम्प्लिफायर घेतला तर तो कदाचित बंद पडणार नाही, पण तो सर्व प्रवाह त्याच तारेतून आणि त्याच डायनामोवरून ओढेल आणि दिवे आणखी मंदावतील.

जुना_वायरमन
खात्री करून घ्या. ॲम्प्लिफायरकडून वूफरच्या दोन्ही तारा सोडवा आणि मल्टिमीटरने त्यांच्यातला रोध मोजा. स्वस्त मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचाही रोध असतो, म्हणून आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा टिपून ठेवा आणि तो नंतर वजा करा. त्याशिवाय गाडी चालू ठेवून जोरात गाणे लावा आणि व्होल्ट दोन ठिकाणी मोजा, एकदा बॅटरीवर आणि एकदा ॲम्प्लिफायरच्या तारांवर. दोन्हींतला फरक किती आहे ते कळवा.

परळीचे_गुरुजी
आपण सर्व जाणकार मंडळी आहात, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो असे मानले, तर दर ३ डेसिबलला तो काळ निम्मा होतो आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. बंद काचांच्या गाडीत दोन बारा इंची वूफर त्याहून कितीतरी पुढे जातात. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ धरलेला आहे. लग्नघरी म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असतात, त्यांचा विचार व्हावा.

नांदेडचा_नाद
गुरुजी, आपले म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यासाठी वेगळा धागा काढावा. येथे दिव्यांचा आणि तारेचा प्रश्न चालला आहे.

परळीचे_गुरुजी
ज्याच्यामुळे दिवे मंदावतात तो आवाजच आहे, म्हणून मी तो येथे मांडला.

उदगीरकर_२१
गुरुजी, वरातीत गाडी वाजवण्याचा विचार नाही. पाहुण्यांना लातूर स्थानकावरून अहमदपूरला आणायचे आहे आणि त्या प्रवासात गाणी हवी आहेत. मोजमाप असे आले : रोध ०.६, टोके टेकवल्यावर ०.२. बॅटरीवर १३.१ व्होल्ट आणि ॲम्प्लिफायरवर ठोक्याच्या वेळी १०.६. तारेवर ८ गेज असे छापले आहे. अर्थिंग मागच्या सीटच्या बोल्टला दिले आहे.

तारमार्ग
०.६ मधून ०.२ वजा केले की ०.४ उरतात, आणि कॉइलचा थेट रोध छापील ओहमपेक्षा नेहमीच थोडा कमी भरतो. म्हणजे अर्धा ओहम सिद्ध झाला. दुसरे म्हणजे वाटेतच अडीच व्होल्ट हरवत आहेत आणि ते फार आहेत. ८ गेजच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे २ मिलिओहम असतो. पाच मीटर तार धरली तर १० मिलिओहम होतात आणि शंभर अँपिअरला एक व्होल्ट जातो. स्वस्त संचातली तार बहुधा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते आणि तिच्यात नुकसान त्याच्या दीडपट होते. उरलेला तोटा सीटच्या बोल्टवर होत आहे, कारण त्याच्याखाली रंग असतो.

जुना_वायरमन
तारेचे एक टोक खरवडून पाहा. आत रुपेरी दिसले तर ती ॲल्युमिनियमची आहे. ती काढूनच टाका. विहिरीवर दहा अश्वशक्तीची मोटार बसवायची आणि पाइप मात्र एक इंचाचा ठेवायचा, तसे हे झाले आहे. शुद्ध तांब्याची ४ गेज तार घ्या; गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. अर्थिंगसाठी गाडीच्या पत्र्यावर जागा शोधा, रंग खरवडून चकचकीत करा, लग (तारेच्या टोकाची कडी) घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा आणि ही तार हातभरापेक्षा लांब ठेवू नका. फ्यूज कुठे बसवला आहे?

उदगीरकर_२१
फ्यूज डिकीत ॲम्प्लिफायरजवळ आहे. तार आत रुपेरीच निघाली.

जुना_वायरमन
मग लग्नाच्या आधीच नव्हे तर आजच ती तार बॅटरीवरून सोडवून ठेवा. फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी नसतो, तो तारेला वाचवण्यासाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतची सगळी तार आज उघड्यावर आहे. सीटच्या लोखंडाखाली ती कोठे घासली तर संपूर्ण बॅटरी तिच्यातून रिकामी होऊ पाहील आणि गाडी पेटेल. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. ४ गेज तांब्याच्या तारेला १०० अँपिअरचा चालेल. जेथे तार पत्र्यातून आत येते तेथे रबरी बूच घाला.

बालाघाटी
वायरमन काकांनी सांगितलेली ही गोष्ट या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यात कोणतीही तडजोड करू नये. एक भर घालतो : ॲम्प्लिफायर गालिच्याखाली किंवा पेटीच्या मागे दाबून बसवला असेल तर तो मोकळ्या हवेत आणावा. मे महिन्यात आपल्याकडे उन्हात उभी राहिलेली गाडी आधीच भट्टी झालेली असते, त्यामुळे ॲम्प्लिफायर सुरू होतानाच तापलेला असतो.

उदगीरकर_२१
तार सोडवली आहे. आता एवढेच सांगावे की वूफर कसे जोडावेत आणि त्याने ताकद किती कमी होईल, कारण हजार वॅटसाठी पैसे दिले आहेत.

तारमार्ग
प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल मालिकेत जोडाव्यात, म्हणजे एका जोडीचे काळे दुसऱ्या जोडीच्या लालला. त्यामुळे प्रत्येक वूफर ४ ओहमचा होईल. मग हे दोन वूफर समांतर जोडले की एकूण २ ओहम मिळतील आणि ॲम्प्लिफायर ६०० वॅटवर निवांत चालेल. आपल्या चारही कॉइलमधून १ ओहम कोणत्याही समान जोडणीने मिळत नाही, म्हणून हजारचा हट्ट सोडावा लागेल. हजार आणि सहाशे यांच्यातला फरक केवळ २.२ डेसिबल आहे आणि आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल लागतात. प्रवाहाच्या बाजूने मात्र मोठा दिलासा आहे : हजार वॅटला सुमारे ९० अँपिअर लागले असते, सहाशेला सुमारे ५४ लागतील. त्याच डायनामोवर दिवे, वातानुकूलन आणि इंजिनही चालवायचे असते. दुसऱ्या बॅटरीचा उपयोग गाडी बंद ठेवून वाजवणाऱ्याला होतो. गाडी चालू असताना प्रवाह डायनामोच पुरवतो.

सुरेल_सकाळ
जोडणी बदलल्यावर ॲम्प्लिफायरची गेन कानाने लावू नका. गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे, ती स्टिरिओचा संकेत ॲम्प्लिफायरशी जुळवण्यासाठी असते. ती जास्त ठेवली की लाटेचे शेंडे कापले जातात आणि कॉइल जळते.

जुना_वायरमन
वूफर सोडवून ठेवा, बेस बूस्ट बंद करा, स्टिरिओ पाऊणपट वाढवा आणि ५० हर्ट्झचा चाचणी स्वर लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या वूफरकडील तारांवर मोजा. २ ओहमवर ६०० वॅट म्हणजे ३४.६ व्होल्ट होतात. ३४ दिसले की थांबा.

उदगीरकर_२१
४ गेज तार, बॅटरीजवळ फ्यूज, नवे अर्थिंग आणि २ ओहमची जोडणी असे सर्व काम येथील ऑटो इलेक्ट्रिशियनकडून समोर उभे राहून करून घेतले. गेन ३४ व्होल्टवर लावली. लातूरपर्यंत जाऊन आलो. ॲम्प्लिफायर एकदाही बंद पडला नाही आणि ठोक्याच्या वेळी त्याच्यावर १३.३ व्होल्ट मिळत आहेत. आवाज आधीपेक्षा मोठाच वाटतो. फक्त सिग्नलला गाडी उभी असताना दिवे किंचित हलतात. त्यासाठी कपॅसिटर घ्यावा का?

नांदेडचा_नाद
घ्यावा. त्या किंचित हालचालीसाठी तोच योग्य आहे.

तारमार्ग
त्याआधी बॅटरीच्या ऋण टोकापासून पत्र्यापर्यंतची, इंजिनपासून पत्र्यापर्यंतची आणि डायनामोपासून बॅटरीपर्यंतची अशा तीन मूळ तारांच्या जोडीला ४ गेजच्या तारा घालून पाहाव्यात, आणि डायनामोकडून येणाऱ्या तारेला स्वतंत्र फ्यूज द्यावा. इंजिन मंद गतीवर असताना डायनामो त्याच्या छापील अँपिअरच्या बराच खाली असतो, त्यामुळे उभ्या गाडीत आवाज थोडा कमी ठेवणे हाही एक उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.