मदत हवी आहे: एकोणीस एकांची संख्या मूळ आहे हे सिद्ध कसं करायचं?

न = 1111111111111111111 (19 वेळा 1). ही मूळ संख्या आहे हे माहीत आहे, मला सिद्धता हवी आहे.

फर्माची कसोटी (पायाच्या न−1 व्या घाताला न ने भागून बाकी 1 येते का) पाया 2 घेऊन केली, पास. पण 341 = 11 × 31 सुद्धा पाया 2 ला पास होते, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. (पाया 10 तर इथे कुचकामीच, 10 चा 19 वा घात आपोआप बाकी 1 देतो.)

म्हणून ल्यूकासच्या कसोटीकडे वळलो (फर्माच्या अटीशिवाय, न−1 च्या प्रत्येक मूळ अवयव क साठी पायाच्या (न−1)/क व्या घाताची बाकी 1 येता कामा नये). न−1 चे अवयव सगळे मिळाले: 2, 3 (दोनदा), 5, 7, 11, 13, 19, 37, 52579, 333667. घोडं अडलं ते अवयव 2 पाशी: 2 चा (न−1)/2 वा घात बाकी 1 देतो, 3 चा मात्र न−1 देतो.

साधं पायथन आहे, तयार आज्ञावली नको. प्रत्येक अवयवासाठी वेगळा पाया चालतो, की सगळ्यांना एकच लागतो? आणि चालत असेल तर का?