जुन्या पिकअपची किंमत कशाला द्यायची: मूळ पत्र्याला, कागदाला की कारागिराच्या हाताला?

निपाणीकर

गेल्या रविवारी निपाणीजवळच्या एका गावात, तंबाखूच्या जुन्या वखारीच्या अंगणात उभी असलेली शेवरोले ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप मी दोन तास निरखून पाहिली. मालकाने किंमत २४ लाख रुपये सांगितली असून जाहिरातीत "१९४९ चे मॉडेल, शंभर टक्के मूळ स्थितीत" असे लिहिले आहे. रंगकाम अतिशय देखणे आहे, हे आधीच मान्य करतो. तरीही इतकी किंमत मागण्याचा त्यांना अधिकार नाही असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खुद्द गाडीच त्यांच्या शब्दांविरुद्ध साक्ष देते.

पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे आहे, आणि ते १९४९ शी जुळते. १९४७-४८ च्या गाड्यांत ती मागच्या हौद्याखाली असे. समोरची काच दोन तुकड्यांची आहे, तेही बरोबर, कारण अखंड काच १९५४ मध्ये आली. परंतु दोन्ही दरवाजांना हवेसाठी उघडणारी तिकोनी काच आहे, जी या गाड्यांना १९५१ मध्ये मिळाली, आणि कडीला दाबायचे बटण आहे, जे १९५२ मध्ये आले. म्हणजे दरवाजे किमान तीन वर्षांनी नव्या गाडीचे आहेत. इंजिनच्या ब्लॉकवर ओतकामाची खूण "डी १२ ४" अशी आहे. त्या काळी शेवरोलेच्या ब्लॉकवर महिन्याचे अक्षर, तारीख आणि वर्षाचा शेवटचा आकडा ओतलेला असे. डी म्हणजे एप्रिल. ४ चा अर्थ १९४४ घ्या किंवा १९५४, दोन्हींपैकी एकही वर्ष १९४९ च्या गाडीचे होत नाही. दरवाजे परके आणि इंजिनही परके असताना "शंभर टक्के मूळ" कशाला म्हणायचे? माझ्या हिशेबाने किंमत एक तृतीयांशाने तरी उतरली पाहिजे.

उद्यमबागेतील कारागीर, बेळगाव

आपले निरीक्षण अचूक आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी तीस वर्षे पत्राकाम करतो. अशा केबिनचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा आणि दरवाजाचा तळ पावसाळ्यामागून पावसाळे आतून सडत जातात, आणि ते कापून, हाताने ठोकून, गोलाई जुळवून नवा पत्रा बसवायला महिने लागतात. १९४९ चा शाबूत दरवाजा आपल्या भागात कुठून आणणार? १९५२ चा अस्सल दरवाजा बसवणे हे सडक्या दरवाजावर बोटभर पुट्टी थापण्यापेक्षा शतपटीने प्रामाणिक काम आहे.

इंजिनाविषयीही थोडे सांगतो. १९४९ चे इंजिन २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतून बेअरिंग घडवावी लागते, आणि रॉडच्या टोकाला असलेल्या पळ्या तेल उचलून घेतात. हे काम नीट जमणारे हात आता बेळगावात आणि कोल्हापुरात मिळून मोजकेच उरले आहेत. आपण सांगितलेला ब्लॉक १९५४ चा आणि २३५ घनइंचांचा असेल, तर त्यात बदलता येणाऱ्या बेअरिंग असतात आणि तेल दाबाने पोहोचते. चोर्ला घाट चढवायची इच्छा असणाऱ्याने हेच इंजिन निवडावे. सहा व्होल्टची वायरिंग बदलून बारा व्होल्टची केली असेल, तर त्यासाठीही मी एक रुपया कापणार नाही. किंमत कामाची असते, आणि त्या कामाचे मोल आपल्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

खानापूरकर

दरवाजे आणि बेअरिंग यांच्या आधी कागद पाहावेत. गाडी १९४९ मध्ये याच भागात नोंदली गेली असेल, तर ती नोंद मुंबई राज्यातली असणार, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा त्याच राज्यात होता. पुढे म्हैसूर राज्याचा क्रमांक आणि त्यानंतर आजचा चिक्कोडी आरटीओचा केए २३ असा प्रवास कागदांवर दिसायला हवा. एकदम अलीकडचेच आरसी बुक हातात ठेवले जात असेल, तर मधली वर्षे कुठे गेली हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

इंजिन बदलले, यात कारागिरांना काही वावगे वाटत नाही. पण बदलाची नोंद आरसीत नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे वाहनातील फेरफाराच्या नियमाचा, प्रश्न उभा राहतो. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. ही नोंदणी खासगी, बिगरव्यावसायिक वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे, म्हणून मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपबाबत आरटीओकडून आधी लेखी उत्तर घ्यावे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. "मूळ" या शब्दाला म्हणूनच भावनेपलीकडे रोकड किंमत आहे. गाडी सीमेपलीकडे गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला न्यायची असेल, तर फॉर्म २८ वरील ना-हरकत दाखला आणि तिकडचा कर हेही आले. मी २०१२ मध्ये एक जुनी जीप घेतली, आरसीवरचा आणि ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक वेगळा निघाला, आणि चौदा महिने ती दारात झाकून ठेवावी लागली. त्या चौदा महिन्यांची भरपाई कोणत्याही सुबक पत्राकामाने झाली नाही.

चिक्कोडीचा शेतकरी

आपण तिघेही "मूळ" म्हणजे कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीची गाडी असे धरून चालला आहात, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. आमच्या घरी अशीच एक शेवरोले होती. वडिलांनी तिचे पेट्रोल इंजिन उतरवून पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवले होते, कारण पेट्रोलचा खर्च तंबाखूच्या भाड्यातून निघत नव्हता. फळक्यावर व्यापाऱ्याचे नाव एका ओळीत मराठीत आणि दुसऱ्या ओळीत कन्नडमध्ये हाताने रंगवलेले होते. हौद्याच्या पाइनच्या फळ्या गेल्यावर खानापूरच्या सागवानाच्या घातल्या. माझ्या दृष्टीने सीमाभागातली अस्सल पिकअप तीच. निपाणीच्या या गाडीवरची जुनी अक्षरे खरवडून त्यावर चकचकीत हिरवा रंग मारला असेल, तर मी त्यासाठी पैसे जास्त का द्यावेत? मी तर कमी देईन.

उद्यमबागेतील कारागीर, बेळगाव

आपली भावना मी समजू शकतो, परंतु ती अक्षरे ज्या पत्र्यावर असतात तो पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो. तो वाचवा असे सांगणारे गिऱ्हाईक मला आजवर दोनदाच भेटले. जे राखायचे त्याची मजुरी कोणीतरी द्यावी लागते.

चिक्कोडीचा शेतकरी

काम सुरू करण्याआधी त्या फळक्याचे छायाचित्र काढून ठेवायला मजुरी लागत नाही. तेवढे तरी मालकाकडे मागावे.

निपाणीकर

काल चुंबक, टॉर्च आणि खानापूरकरांनी सांगितलेल्या प्रश्नांची यादी घेऊन पुन्हा जाऊन आलो. केबिनच्या खालच्या चारही कोपऱ्यांना चुंबक घट्ट धरते, म्हणजे तिथे पुट्टीचा थर नाही. कारागिरांचा मुद्दा मी मान्य करतो आणि "अधिकार नाही" हे माझे शब्द मागे घेतो. डाव्या मडगार्डवर मात्र वीतभर जागेत चुंबक घसरते. आरसीवरचा इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळतात, म्हणजे बदलाची नोंद कोणीतरी रीतसर करून घेतली होती. १९५६ पूर्वीचा एकही कागद मालकाकडे नाही. ही गाडी गोव्याकडून आली असे ते सांगतात. तसे असेल तर मुंबई राज्याची नोंद नसणे समजण्यासारखे आहे, परंतु गोव्याचाही कागद नाही. जुन्या फळक्याचे छायाचित्रही निघाले नाही, याचे मला वाईट वाटले.

दरवाजे बदलल्याबद्दल किंमत कापावी, असे मी आता म्हणणार नाही. बदल न सांगता "शंभर टक्के मूळ" लिहिल्याबद्दल ती कापलीच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. दरवाजांचा विषय काढल्यावर मालकांनी "हो, ते नंतरचे आहेत" असे एका वाक्यात सांगितले. हेच वाक्य जाहिरातीत असते तर मी पहिल्याच दिवशी २० लाखांपासून बोलणी सुरू केली असती. आता माझा देकार १७ लाखांचा आहे. चासीवरचा क्रमांक हौद्याखालच्या चिखलात दडलेला असल्याने तो अजून वाचता आलेला नाही. कारागिरांना येत्या रविवारी सवड असेल, तर त्यांनी सोबत यावे ही विनंती. मालकांनी हौद्याच्या चार फळ्या उचलू देण्याचे कबूल केले आहे.

उद्यमबागेतील कारागीर, बेळगाव

सकाळी आठला निघू. तारेचा ब्रश आणि रॉकेल मी आणतो. क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर १७ लाखही देऊ नका, हे आधीच सांगून ठेवतो.